चूल कोणती घ्यावी, डॉक्टर?

गेल्या थंडीतली गोष्ट. खटाव तालुक्यातल्या एका वाडीवरून एक मावशी दवाखान्यात आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. आमच्या दवाखान्याला पायऱ्या चारच; पण त्या चढून आल्यावर बाकावर बसून दम खाण्यात त्यांची पाच मिनिटे गेली. सोबत मुलगा आणि सून. मुलाने पिशवीतून औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "दमा आहे आईला. चार वर्षं झाली. पंप ओढते, गोळ्या घेते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, की पुन्हा आहेच."

"विडी ओढता का, मावशी?" मी विचारले.

"इडी कुठली वो! मिश्री लावते सकाळच्याला, तेवढीच."

मिश्रीही तंबाखूच, हे मी त्यांना सांगितले. (वाचक भगिनींनीही ते लक्षात ठेवावे.) मग फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजण्याचे यंत्र असते, त्यावर त्यांची तपासणी केली. हा साधा दमा नव्हता. श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा हा आजार होता. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार, असे आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. या बाईंनी तर आयुष्यात विडीला हात लावलेला नव्हता.

"स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवर. ग्यास हाय की, पर च्यापुरता."

"आणि चुलीपुढे बसायला लागून किती वर्षे झाली?"

"सात-आठ वर्सांची असल्यापास्नं बसते. आई रानात जायची, मग भाकऱ्या माझ्याकडंच."

मी कागदावर हिशेब मांडला. ४८ वर्षे, दिवसाचे दोन्ही वेळचे मिळून ४ तास. सुमारे ७० हजार तास होतात. एवढे तास ही बाई धुरात बसलेली होती.

सून मागे भिंतीला टेकून उभी होती. सातवा महिना. "हल्ली आईला वाकवत न्हाई, भाकऱ्या हीच करती," असे मुलगा म्हणाला आणि पुढे त्याने जो प्रश्न विचारला त्याने मी निरुत्तर झालो. "डॉक्टर, बाजारात बिनधुराच्या चुली मिळतात म्हणे. मातीची, पत्र्याची, पंख्याची. त्यातली कोणती घेऊ?"

तीस वर्षे मी छातीचे आजार तपासतो आहे. 'चुलीचा धूर टाळा' हे वाक्य मी हजारो वेळा उच्चारले असेल. पण ज्याला तो टाळता येत नाही, त्याने कोणती चूल घ्यावी, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही कधी शिकून घेतले नव्हते. "पुढच्या खेपेला सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. नंतर पुस्तके, शोधनिबंध चाळले, चार घरच्या चुलींपुढे जाऊन बसलो. त्यातून जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

धूर म्हणजे काय?

धूर म्हणजे न जळालेले सरपण. लाकूड तापले की त्यातून वाफा निघतात. त्या वाफांना पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा मिळाली तर त्या जळून जातात आणि स्वच्छ ज्योत दिसते. उष्णता कमी पडली, हवा कमी पडली किंवा लाकूड ओले असले, की त्या वाफा अर्धवट जळून धूर बनतात. म्हणजे धुराने आपले दुहेरी नुकसान होते. सरपण वाया जाते आणि छातीही जाते.

या धुरात दोन गोष्टी मुख्यतः घातक. पहिली म्हणजे अतिसूक्ष्म कण. आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे, म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान. नाकातले केस, घशातला चिकटा यांना ते जुमानत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या देशात हवेतील अशा कणांची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा शेकड्यांनी, कधी हजारांच्या घरात जातो. दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. गर्भवतीच्या रक्तात तो शिरला, की पोटातल्या बाळाचा प्राणवायू कमी होतो.

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण दीर्घकाळ धुरात राहणाऱ्या स्त्रियांमध्ये सीओपीडी आणि मोतीबिंदू, अशा घरातील लहान मुलांमध्ये न्यूमोनिया, आणि कमी वजनाची बाळे जन्मणे हे सारे अधिक प्रमाणात आढळते. हे काही आज कळलेले नाही. दिल्लीच्या विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शि. पद्मावती यांनी १९५९ सालीच नोंदवले होते, की फुप्फुसांच्या आजारामुळे हृदय निकामी होण्याचा विकार, धूम्रपान फारसे न करणाऱ्या स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने होतो. त्यांनी चुलीच्या धुराकडे बोट दाखवले. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच यंत्र लावून धूर मोजला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की जगाचा विचार करता सीओपीडीचे सर्वांत मोठे कारण विडी-सिगारेट नसून चुलीचा धूर असू शकेल. कारण धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी, तर चुलीच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसे दगावली.

धूरबंदीचा भाग

डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर पाच दिवस दाट धुके बसले आणि घराघरांतल्या कोळशाचा धूर त्यात कोंडला गेला. त्या वेळच्या मोजदादीप्रमाणे सुमारे ४ हजार माणसे गेली. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. नगरपालिकांना धूरबंदीचे भाग जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. अशा भागात धूर न होणारे इंधन वापरावे, आणि लाकूड जाळायचेच तर कसोटीला उतरलेल्या, सरकारी यादीतल्या शेगडीतच जाळावे, असा तिथला नियम आजही आहे. आपल्याकडे मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला.

आपल्या वाडीवस्तीवरच्या स्वयंपाकघराला असा कायदा नाही. तो यावा असेही मी म्हणत नाही. ज्याच्याकडे दुसरी सोय नाही त्याची चूल कायद्याने विझवून काय साधणार? पण माझी एक विनंती आहे. ज्या घरात गर्भवती आहे, पाच वर्षांच्या आतले मूल आहे, किंवा धाप लागणारे माणूस आहे, त्या घराने आपले स्वयंपाकघर आपणच धूरबंदीचा भाग समजावे. चूल निवडताना 'सरपण किती वाचेल' हा प्रश्न दुसरा. 'चुलीपुढे बसणारीच्या छातीत धूर किती जाईल' हा पहिला.

पहिली निवड चूल नव्हेच

हे आधी स्पष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. गॅस, गोबरगॅस किंवा विजेची शेगडी यांच्या तोडीची लाकडाची चूल अजून खेड्यात नांदलेली नाही. चांगल्यातली चांगली चूल धूर कमी करते, नाहीसा करत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि दहा कोटींहून अधिक घरांत गॅस पोहोचला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ग्रामीण घरांपैकी सुमारे ४३ टक्केच घरांत स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरले जात होते. कारण उघड आहे. सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात, बाभळीच्या काटक्या बांधावर फुकट मिळतात.

तेव्हा गॅस पुरवून वापरायचा असेल तर तो कुठे वापरावा, हे ठरवून घ्या. आपण तो चहाला वापरतो आणि दोन तास शिजणारे हरभरे-मटकी चुलीवर ठेवतो. हे उलटे करा. डाळी-कडधान्ये भिजत घालून कुकरमध्ये गॅसवर शिजवा. पहाटे आणि पावसाळ्यात, म्हणजे दारे-खिडक्या बंद असतात तेव्हा, गॅस वापरा. आणि घरात सातव्या महिन्याची सून असेल, तर तिचे बाळंतपण होऊन मूल वर्षाचे होईपर्यंत सिलिंडरची काटकसर करू नका. काटकसरीला नंतर पुष्कळ वर्षे आहेत.

चुलींचे तीन प्रकार

एवढे करूनही लाकूड जाळावेच लागते, असे धरून आता निवडीकडे वळू. बाजारातल्या आणि गावातल्या चुली ढोबळमानाने तीन प्रकारच्या.

१) धुराड्याची बांधीव चूल. माती किंवा सिमेंटची, तोंड एक, भांडी दोन. पुढचे आइलावर आणि मागचे वैलावर. मागून नळी निघून छपराबाहेर जाते. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, साच्यातून घडवायची 'लक्ष्मी' चूल अशाच जातीची. या चुलीत धूर होतो, पण तो घरात न राहता वर जातो. भाकरीच्या घरासाठी ही सोयीची.

२) पत्र्याची, उचलून नेता येणारी, पंख्याशिवायची चूल. तिच्या आत जळण्याची जागा अरुंद आणि उष्णता धरून ठेवणारी असते. लाकूड खालच्या फळीवर टेकवायचे, फळीखालून हवा जाते. आच चांगली लागते, सरपण कमी लागते. मात्र तिला धुराडे नसते. उरलेला धूर घरातच राहतो. म्हणून ती ओसरीवर, पडवीत, मोकळ्यावर वापरायची.

३) पंख्याची चूल. विजेच्या किंवा बॅटरीच्या छोट्या पंख्याने ज्योतीत वरून हवा सोडतात, त्यामुळे वाफा बऱ्याच जळून जातात. तिन्हींत हिच्यात धूर सर्वांत कमी. पण सरपण बोटाएवढ्या तुकड्यांचे किंवा गोळ्यांचे लागते, पंखा बिघडला की चूल बसते आणि दुरुस्ती करणारा जवळपास नसला तर ती माळ्यावर जाते.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे, आयएस १३१५२, भाग १, सन २०१३. त्यानुसार बिनपंख्याच्या चुलीने लाकडातील निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीने निदान ३५ टक्के उष्णता भांड्याला द्यायला हवी. तीन दगडांची चूल दहा-पंधरा टक्केच देते. धुरातील कणांची मर्यादा, भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे, बिनपंख्याला ३५० मिलिग्रॅम आणि पंख्याच्या चुलीला १५० मिलिग्रॅम. दुकानदाराला हे आकडे पाठ नसतील. पण चुलीवर आयएसआयची खूण आहे का, एवढे विचारायला हरकत नाही. 'बिनधुराची' असे नुसते रंगाने लिहिलेले असेल तर त्यावर विसंबू नका.

घेण्यापूर्वी या गोष्टी पाहा

घरातला तवा आणि सर्वांत मोठे पातेले बरोबर न्या. भांडे बसले नाही, की चार दिवसांत नवी चूल कोपऱ्यात जाते आणि जुनी पेटते. आपल्याकडे भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून शेकतात. त्याला जागा आहे का, ते पाहा. नसेल तर भाकरी गॅसच्या आचेवर फुगवता येते, पण ते घरातल्या बाईला पटले पाहिजे. चूल घ्यायला पुरुष एकटा जाऊ नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

धुराडे असेल तर नळी चार इंचांपेक्षा बारीक नको आणि ती घराच्या आढ्यापेक्षा निदान दोन फूट वर जावी. वाऱ्याने धूर उलटा घरात येतो तो बहुधा नळी आखूड पडल्याने. वर पावसाची टोपी हवी. गवताचे किंवा पाचटाचे छप्पर असेल तर नळी आणि छप्पर यांच्यात मोकळे अंतर आणि पत्रा हवा, नाहीतर आगीचे भय. नळी अॅस्बेस्टॉसची घेऊ नका; त्याची धूळ कर्करोगाला कारण होते. आणि नळीचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीवर येत नाही ना, हेही पाहा. आपला धूर त्याच्या नातवाच्या छातीत गेला तर आपण काय मिळवले?

धुराडे नसेल तर खिडकी हवी, आणि छपरात उंचावर धूर जायला वाट हवी. आमच्या जुन्या घरांना ती असायची, तिला साणे म्हणत. नवी सिमेंटची घरे बांधताना ते आपण बुजवून टाकले.

सरपण कोरडे हवे. कोणतीही चूल घ्या, ओल्या लाकडापुढे तिचे काही चालत नाही. इंग्लंडमध्ये २०२१ पासून लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल असता कामा नये, असा नियम आहे. आपण यंत्राशिवायही ओळखू शकतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणकन वाजल्या तर सुक्या, थपकन वाजल्या तर ओल्या. टोकाला चिरा पडलेल्या हव्यात. लाकूड थंडीत तोडून, अंगठ्याएवढे फोडून, उन्हाळाभर वाळवून पावसापूर्वी छपराखाली रचावे. तुराट्या-पऱ्हाट्या चांगल्या पेटतात. गोवऱ्यांचा धूर लाकडापेक्षा जास्त. आणि पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी, टायरचा तुकडा, रंग दिलेले लाकूड कधीही वापरू नका. तो धूर नुसता धूर नसतो, विष असते.

एक गोष्ट आमच्या घरची

१९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. आमच्या गावातही तेव्हा निर्धूर चुली बांधल्या गेल्या. मी त्या वेळी वैद्यकीय शिक्षण घेत होतो. सुटीत घरी आलो तर आईच्या स्वयंपाकघरात नवी चूल, भिंतीतून बाहेर गेलेले धुराडे, आणि आई पदर डोळ्यांना न लावता भाकरी थापत होती. पहिले वर्ष तसे गेले. मग नळीत काजळी धरली. धूर मागे फिरू लागला. आईने दोनदा मला सांगितले, "एकदा वर चढून नळी काढ रे." मी म्हणालो, पुढच्या सुटीत. पुढच्या सुटीत परीक्षा होती. आईने शेवटी वैलाचे तोंड कोयत्याने मोठे केले, कारण मोठे पातेले बसत नव्हते. मग ती चूल आणखीनच धुरू लागली. एके दिवशी तिच्या शेजारी पुन्हा तीन दगड मांडले गेले. निर्धूर चुलीत कोंबडी अंडी घालू लागली.

चुलीत दोष नव्हता. छपरावर चढणारा कोणी नव्हता, एवढेच. आई गेली ती धापेनेच. मी छातीचा डॉक्टर झालो होतो आणि तिला वेळेवर पंप देत होतो.

पुढे वाचताना कळले, की हे आमच्याच घरी झाले नव्हते. ओडिशात, पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारित चुली मिळालेल्या घरांचा काही वर्षे अभ्यास केला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फरक पुसला गेला. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, दुरुस्त झाल्या नाहीत. ग्वाटेमालात सुमारे ५०० घरांत धुराड्याच्या चुली देऊन त्यांची देखभालही केली गेली. तिथे मुलांना लागणारा धूर निम्म्यावर आला. एकूण न्यूमोनियात ठाम फरक दाखवता आला नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळला. हे निष्कर्ष २०११ सालचे. आफ्रिकेतील मलावी देशात पंख्याच्या चुली वाटून दहा हजारांहून अधिक मुलांवर लक्ष ठेवले गेले. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, की न्यूमोनिया कमी झाला नाही. चूल बदलली तरी कचऱ्याचा, तंबाखूचा, शेजारचा धूर होताच.

यातून मी घेतलेला बोध साधा आहे. नुसती चूल आणून भागत नाही. ती दर महिन्याला साफ करणारा हात घरात हवा, आणि जुनी चूल शेजारी पेटती राहता कामा नये.

नळी महिन्यातून एकदा काढून काठीला चिंधी बांधून आतून पुसावी. राख रोज काढावी, म्हणजे खालून हवा जाते. चिरा पडल्या की लगेच माती लिंपावी. भांड्यावर झाकण ठेवावे. तान्ह्या मुलाला काखेत किंवा पाठीला घेऊन चुलीपुढे बसू नये. आंघोळीच्या पाण्याचा बंब किंवा चूल अंगणात, घराच्या वाऱ्याखालच्या अंगाला ठेवावी.

आणि एक महत्त्वाचे. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवण्याची आणि बाळाला धुरी देण्याची चाल अजून आहे. मायेपोटीच करतात, हे मी जाणतो. पण बंद खोलीतल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही आणि उठू देत नाही. ऊब हवी तर बाळाला आईच्या अंगाशी घ्या, टोपडे-दुपटे घाला. शेगडी आणि धुरी नको.

त्या घराचे काय झाले?

मावशी पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा मी मुलाला माझे उत्तर दिले. भाकरी रोजची, घर बांधीव, गावात गवंडी आहे आणि पंखा दुरुस्त करणारा नाही. म्हणून त्याच्यासाठी धुराड्याची बांधीव चूल. शिवाय मूल वर्षाचे होईपर्यंत स्वयंपाक होता होईल तो गॅसवर. चूल भाकरीपुरती, तीही मावशींनी किंवा सुनेने नव्हे, त्याने स्वतः पेटवायची, आणि धूर ओसरल्यावर बायकांनी पुढे बसायचे. हे शेवटचे ऐकून मावशी पदराआड हसल्या. "ह्यो पेटिवतोय? बगू!"

"आणि नळी दर अमावास्येला काढायची," मी त्याला म्हणालो. "अमावास्या लक्षात राहते."

उन्हाळ्यात सून बाळाला डोस द्यायला घेऊन आली, मावशीही बरोबर होत्या. बाळाचे वजन चांगले होते. खोलीत शेगडी ठेवली नव्हती. त्यावरून गावातल्या म्हाताऱ्यांची बोलणी खावी लागली, असे सुनेने सांगितले. मावशींची धाप होती तशीच आहे. अरुंद झालेल्या नळ्या पुन्हा रुंद होत नाहीत, त्यांना पंप आयुष्यभर घ्यावा लागेल. खोकला मात्र कमी होता आणि रात्री झोप लागते, म्हणाल्या. मी मुलाला नळीबद्दल विचारले. त्याने बोलण्याऐवजी हात पुढे केले. नखांच्या कडांना काजळी होती.

वाचकहो, आज संध्याकाळी घरात चूल पेटेल तेव्हा पाच मिनिटे तिच्यापुढे बसा. डोळ्यांना पाणी येते का, ते पाहा. येत असेल तर कोणती चूल घ्यावी हा विचार नंतर करा. आधी शिडी लावून नळी उतरवा, नळी नसेल तर खिडकी उघडा.

(पुढील आठवड्यात : पंपाची सवय लागते, हे खरे का?)